साहेब म्हणाले, 'जरा नीट येत जा'

वसमत तालुक्यातून एका वाचकाचं पत्र आलं आहे. लांब आहे, म्हणून कामापुरतं देतो.

"काका, सप्रेम नमस्कार. मी 24 वर्षांचा आहे. चार महिन्यांपूर्वी बँकेत क्लार्क म्हणून लागलो, शाखा नांदेडला. खोलीचं भाडं परवडत नाही म्हणून गावाकडून रोज गाडीवर ये-जा करतो. एका बाजूला तासभर लागतो. मागच्या सोमवारी मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, दार लोटून घेतलं आणि म्हणाले, 'उद्यापासून जरा नीट येत जा.' बस, एवढंच. नीट म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही आणि मलाही विचारायचा धीर झाला नाही. आठ दिवस झाले, डोक्यातून जात नाही. माझ्याकडे तीन शर्ट आहेत, दोन पँट. ब्लेझर घ्यावा का? दाढी काढून टाकू का? आमच्या घरात वारी आहे, गळ्यात तुळशीची माळ असते, सकाळी गंध लावतो. ते बँकेत चालत नसेल का? तहसीलला लागलेला मित्र म्हणतो, जीन्सवर सरकारनंच बंदी घातली आहे. मी शनिवारी जीन्स घालतो. आणि अजून एक. पुढच्या महिन्यात वडील डोळे दाखवायला नांदेडला येणार आहेत आणि तुझी बँक बघायची म्हणतात. धोतर-टोपीत येतील. साहेबांसमोर कसं करू?"

बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा 'दार लोटून घेतलं' या तीन शब्दांशी अडखळलो. तुझे साहेब चांगले गृहस्थ आहेत. चारचौघांत बोलले नाहीत. दाढीबद्दल बोलायचं असतं तर त्यांनी 'दाढी करून या' असं सरळ म्हटलं असतं. बुटांबद्दल असतं तर तेही म्हटलं असतं, त्यात अवघड काही नाही. माणसाच्या तोंडून निघत नाही ती गोष्ट एकच, घामाचा वास. माझा अंदाज चुकूही शकेल. पण मी स्वतः बँकेत 31 वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ शाखाधिकारी म्हणून, आणि दार लोटून घेऊन अर्धवट वाक्य बोलणारा साहेब मीही होतो.

माझ्या शाखेत तुझ्यासारखाच एक मुलगा आला होता. नोटा मोजायला असा हात की बघत राहावं. पण उन्हाळ्यात दुपारी बारानंतर त्याच्या शेजारी बसणं अवघड व्हायचं. शाखेत सगळ्यांना माहीत होतं, फक्त त्याला नाही. मी आज सांगू, उद्या सांगू करत आठ महिने घालवले. एक दिवस रांगेतल्या बाईनं पदर नाकाला लावला आणि मागच्या दोन पोरी हसल्या. त्यानं ते पाहिलं. जेवणाच्या सुट्टीत गेला तो चार वाजेपर्यंत आलाच नाही. आला तेव्हा शर्ट ओला होता, कुठल्यातरी हॉटेलच्या नळावर धुऊन तसाच अंगावर घातलेला. त्याला सांगण्याची माझी दहा मिनिटं त्याच्या आठ महिन्यांपेक्षा मला जड वाटली होती. ती चूक माझी, आणि ती मला अजून सलते.

म्हणून पहिलं काम हे. उद्या शाखा उघडायच्या आधी साहेबांकडे जा आणि म्हण, "साहेब, तुम्ही बोललात ते मनावर घेतलंय. नेमकं काय सुधारू ते मोकळेपणानं सांगा, मला राग येणार नाही." त्यांच्या मनावरचं ओझंच उतरेल. एकदा ऐकलंस की मग अंदाज बांधत बसावं लागणार नाही.

तोवर वासाचं बोलू. घामाला स्वतःचा वास जवळपास नसतो. कातडीवरचे जिवाणू बगलेतल्या घामावर जगतात आणि वास तयार होतो तो त्यातून. त्यामुळे वरून सेंट फवारून उपयोग नाही, दोन्ही वास एकत्र येतात आणि जास्तच कळतं. तू सकाळी आंघोळ करून निघतोस, त्यात तुझी चूक काही नाही. पण मे महिन्यात आपल्याकडे पारा 42 च्या पुढे जातो, आणि तासभर गाडी चालवून पोचतोस तेव्हा आंघोळीचा काही उपयोग उरलेला नसतो. तेव्हा येण्याचे कपडे आणि बसण्याचे कपडे वेगळे कर. गाडीवर जुना टी-शर्ट घाल. ऑफिसचा शर्ट आणि एक कोरडं बनियन घडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घे. डबा मात्र वेगळ्या थैलीत, नाहीतर कालवणाचा वास शर्टाला लागेल. वीस मिनिटं आधी पोच. शाखेच्या बाथरूममध्ये तोंड, मान, बगला साबणानं धू, दस्तीनं खडखडीत कोरडं कर, मग बनियन, मग शर्ट. दुपारी जेवणानंतर अजून एक बनियन बदललंस तर संध्याकाळपर्यंत चिंता नाही. बनियन नको, उकडतं, असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्यांचं ऐकू नको. सुती बनियन घाम पिऊन घेतं, शर्टापर्यंत जाऊ देत नाही.

बगलेतले केस कात्रीनं बारीक ठेव. न्हाव्याकडची तुरटी माहीत असेलच. आंघोळीनंतर ओली करून बगलेत फिरव आणि वाळू दे. दहा-वीस रुपयांचा खडा महिनोन्‌महिने पुरतो. बाजारातलं घ्यायचं असेल तर घाम थोपवणारं आणि नुसता वास झाकणारं अशा दोन जाती असतात, डब्यावर वाचून घे. घाम थोपवणारं रात्री झोपताना कोरड्या बगलेत लावायचं, तेव्हा ते नीट लागू पडतं. एवढं करूनही महिनाभरात फरक पडला नाही, किंवा जांघेत-बगलेत खाज आणि चट्टे असतील तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखव. मेडिकलवाल्यानं हातावर ठेवलेली क्रीम लावू नको. त्यांतल्या कित्येकींत स्टेरॉईड असतं. चार दिवस बरं वाटतं आणि मग गजकर्ण अंगभर पसरतं.

आता शर्ट. तीन शर्ट म्हणजे कमी नाहीत, पण ते कसे धुतले जातात ते बघ. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. बादलीच्या काठाला आतून पांढरा थर धरतो ना, तोच थर शर्टाच्या धाग्यांतही बसतो. पाण्यातल्या क्षारांशी साबणाची वडी फेस करत नाही, चिकट साय धरते, आणि त्या सायीत अंगाचं तेल अडकून राहतं. म्हणून शर्ट धुतलेला असूनही कळकट दिसतो, आणि अंगाची ऊब लागली की कालचा वास परत येतो. वडीऐवजी पावडर वापर. धुण्याआधी अर्धा तास कॉलरला आणि बगलेला थोडा शाम्पू किंवा भांड्याचं लिक्विड चोळून ठेव, कारण तिथला मळ तेलकट असतो. शेवटच्या बादलीत अर्धं लिंबू पिळ, क्षार सुटतात. पिवळ्या डागांवर ब्लीच ओतू नको. डाग जातच नाही, उलट अजून पिवळा पडतो, टेरीकॉटवर तर हमखास.

पाणी कमी असलं तरी हे होतं. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा मी लातूरच्या शाखेत होतो. घरात माणशी एक बादली मिळायची. त्या उन्हाळ्यात आम्ही रोज रात्री शर्टाची फक्त कॉलर, बगला आणि बाह्यांची टोकं मगभर पाण्यात धुवायचो आणि दोरीवर टाकायचो. सकाळी शर्ट तयार. पँट तीनदा घातली तरी चालते. शर्ट मात्र उन्हाळ्यात एकदाच, आणि मोजे-बनियन तर कधीच दुसऱ्यांदा नाही.

नवीन कपड्यांसाठी लगेच दुकानात जाऊ नको. आधी घरातली पेटी उघड. आपल्याकडच्या लग्नांत टॉवेल-टोपी आणि शर्टपीस-पँटपीसचा आहेर कुठं चुकलाय? तुझ्या घरात चार-पाच कोरी पिसं नक्की असतील. त्यातलं फिकं निळं, पांढरं, मोतिया, बारीक रेघांचं तेवढं निवड. पँटसाठी राखाडी किंवा गडद निळं घे. काळी पँट भारी दिसते असं वाटतं, पण गाडीवरची सगळी धूळ तिच्यावर दिसते. कापड हातात चोळून बघ. सुती जास्त असेल तर ते घे, निव्वळ पॉलिस्टर चुरगळत नाही पण वास धरून ठेवतं. पुरेल का ते पन्ह्यावर, म्हणजे कापडाच्या रुंदीवर ठरतं. 58 इंच पन्ह्याला शर्टाला 1.60 मीटर आणि पँटला 1.20 ते 1.30 मीटर धर. सुती कापड शिवायला टाकायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजव, सावलीत वाळव. नाहीतर शर्ट दुसऱ्या धुण्यात आखडतो आणि दोष टेलरला जातो.

टेलरकडे उभं राहून दोन-चार गोष्टी बघून घे. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर यायला हवी, दंडावर ओघळायला नको. वरचं बटण लावल्यावर कॉलरमध्ये दोन बोटं जायला हवीत. शर्ट खोचून, वाकून जमिनीवरची पेटी उचलून बघ. मागून बाहेर आला तर उंची कमी पडलीय, दोन इंच वाढवायला सांग. पँटच्या कमरेला आत इंच-दीड इंच कापड सोडायला सांग. काउंटरवर बसणाऱ्याचं पोट दोन वर्षांत पुढे येतं, सगळ्यांचं येतं. हाफ शर्ट चालतो का असं तू विचारलं नाहीस, पण मनात असेल. नांदेडच्या उन्हाळ्यात खोचलेला, इस्त्रीचा हाफ शर्ट माझ्या मते पूर्ण नीट पोशाख आहे. ब्लेझर घेऊ नको. ते पैसे बुटांना घाल.

इस्त्रीवरून माझे वडील आठवतात. पाथरी तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. गावात वीज नव्हती. पितळी तांब्या घासूनपुसून घ्यायचे, त्यात चुलीतले लाल निखारे चिमट्यानं भरायचे आणि काठ दस्तीनं धरून घोंगडीवर पसरलेल्या सदऱ्यावरून तांब्या फिरवायचे. आधी बुडावर पाण्याचा थेंब टाकून बघायचे. 'चर्र' आवाज आला की थोडं थांबायचे, नाहीतर कापड करपतं. शर्टाला भाताच्या पेजेची खळ असायची. कॉलर उलटी करून आधी आतून, मग बाहेरून. निखाऱ्याची राख सदऱ्यावर पडू नये म्हणून श्वास धरायचे, ते मी शेजारी बसून बघायचो. दोनच सदरे होते त्यांच्याकडे. शाळेत येणाऱ्या साहेबालाही कधी वाटलं नसेल, की हे गुरुजी दोन सदऱ्यांवर वर्ष काढतात. तुझ्याकडे वीज आहे. रविवारी रात्री अर्धा तास काढ आणि आठवड्याचे सगळे शर्ट एकदम कर.

काउंटरच्या काचेतून गिऱ्हाईकाला तुझ्यातलं फार थोडं दिसतं, कॉलर आणि हात. पासबुक घेणारे, नोटा मोजणारे हात. नखं दर रविवारी काप. तंबाखू मळत असशील तर तळहातावरचा चुना आणि अंगठ्याच्या नखातला तो तपकिरी रंग म्हाताऱ्या बायांनाही दिसतो, आणि तोंडाचा वास काचेच्या फटीतून पलीकडे जातो. मळत नसशील तर फार चांगलं. नोटांना थुंकी लावू नको, स्पंजची डबी माग. गळ्यातल्या ओळखपत्राची फीत मानेशी काळी झाली असेल. ती कुणी धुतच नाही. आजच धू.

बुटांचं थोडक्यात. काळे चामड्याचे, साधे, बिनाटोकाचे. पट्टा त्याच रंगाचा. पावसाळ्यात आपली काळी माती चामडं खाऊन टाकते. गाडीवर प्लॅस्टिकचे बूट किंवा सँडल घाल, चामड्याचे शाखेत ठेव. भिजलेच तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंब आणि सावलीत वाळव, उन्हात तडकतात.

दाढी काढायची गरज नाही. ठेवायची तर ठेवली आहे असं दिसायला हवं. गळ्यावरची रेघ साफ हवी, गालावरचे सुटे केस काढलेले हवेत. तीन दिवसांची खुरटी दाढी मात्र आजारपणातून उठल्यासारखी दिसते. नांदेडमध्येच नोकरी करतोस, एकदा हुजूर साहिबच्या परिसरात जाऊन ये आणि तिथल्या सेवादारांच्या दाढ्या बघ. छातीपर्यंत आलेली दाढी, पण विंचरलेली, एक केस इकडचा तिकडे नाही. त्यांना कुणी 'नीट या' म्हणेल का? सलूनला रविवारीच जा, सोमवारी बंद असतं. श्रावण पाळत असशील किंवा घरात सुतक असेल तर साहेबांच्या कानावर घालून ठेव, आपल्याकडे ते सगळ्यांना समजतं.

माळ काढायची नाही. कॉलरच्या आत राहू दे, बाहेर आली तरी कुणाचं काही बिघडत नाही. गंधही लाव, फक्त घामानं ओघळून नाकावर आलेलं पुसत जा. मनगटावर जत्रेतले, देवळातले जुने दोरे असतील, रंग गेलेले आणि धागे सुटलेले, तर ते मात्र सोड, नदीत टाकू नको, झाडाच्या बुंध्याशी ठेव आणि एक नवा बांध.

जीन्सचं तुझ्या मित्रानं अर्धं सांगितलं. राज्य सरकारनं 8 डिसेंबर 2020 ला परिपत्रक काढलं होतं. सरकारी कार्यालयांत जीन्स, टी-शर्ट आणि स्लिपर नकोत, आणि शुक्रवारी खादी घालावी, असं त्यात होतं. जीन्सवरची बंदी पुढच्या वर्षी मागे घेतली. मार्च 2024 मध्ये शिक्षकांसाठीही पोशाखाच्या सूचना आल्या, त्यात पुरुषांनी शर्ट खोचावा असं आहे. तुझी बँक यातल्या कशानं बांधलेली नाही, तिचा स्वतःचा नियम असेल तर साहेबच सांगतील. माझं विचारशील तर पहिलं वर्षभर शनिवारीही जीन्स नको. आणि हे नियम काही दगडावरची रेघ नसतात. 17 सप्टेंबर 1948 च्या आधी आपला मुलुख निजामाच्या राज्यात होता, तेव्हा कचेरीत मान होता तो शेरवानीला. आज शेरवानी नवरदेव घालतो.

त्या परिपत्रकातली खादीची गोष्ट मात्र मला मनापासून पटते. नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती आहे. तिच्या उदगीरच्या केंद्रात राष्ट्रध्वजाचं कापड विणतात. खादीचा एक शर्ट शिवून बघ. हवा खेळती राहते, घाम लगेच वाळतो. चुरगळते खरी, पण खळ दिली की दिवसभर उभी राहते.

राहिले वडील. 'कसं करू' असं तू विचारलंस, ते वाचून मला वाईट वाटलं, पण राग आला नाही. चोविसाव्या वर्षी मीही असाच होतो. तुझे वडील गावाबाहेर निघताना काय करतात ते आठव. पेटीतलं धुतलेलं धोतर निघतं, टोपी झटकून, कड धरून सरळ केली जाते, आरशात बघून गंध लागतो. तुझ्या घरात नीट राहणं कुणाला येत असेल तर त्यांना. ते शाखेत आले की काउंटरवरून उठ, पाया पड, आणि त्यांना सरळ साहेबांच्या केबिनमध्ये घेऊन जा. नाव सांग, गाव सांग, किती एकर आहे ते त्यांनाच सांगू दे. चहा तू माग.

येताना पेटीतले ते शर्टपीस पिशवीत घालून आणायला सांग. डोळे दाखवून झाले की दोघं मिळून टेलरकडे जा. तुझं माप होईपर्यंत त्यांना बाकावर बसव, आणि त्यांच्यासाठीही एक नेहरू शर्ट टाक. डोळ्यांत औषध घातलेलं असेल, तेव्हा कापडाचा रंग त्यांना बाहेर उजेडात नेऊन दाखव.